अण्णांचं हिमोग्लोबिन 18.4 का आलं? विडी, फुफ्फुसं आणि रक्ताचा रिपोर्ट

तुम्ही लिहिलंय त्यातलं कामाचं आधी एका जागी मांडतो. तुमचे वडील, अण्णा, 63 वर्षांचे, हयात यंत्रमागावर गेली, अजूनही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एक पाळी करतात. विडी पोरवयापासून, रोजचं एक-दीड बंडल. दोन वर्षांपासून जिना चढताना धाप, सकाळी उठल्यावर खोकला आणि बेडका. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं पॅकेज केलंत, त्यात हिमोग्लोबिन 18.4, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) 56, बायकार्बोनेट 32, क्लोराइड 95. साखर, लिव्हर, क्रिएटिनिन व्यवस्थित. घरच्या ऑक्सिमीटरवर 93. शेजारचे म्हणाले, हिमोग्लोबिन एवढं म्हणजे रक्त झकास, वाटल्यास रक्तदान करा, हलकं वाटेल. अण्णांनी विडी आता दिवसाला चार-पाचवर आणली आहे. आणि तुम्ही विचारताय: रक्त चांगलं असेल तर फुफ्फुसाचं एवढं घाबरायचं कारण आहे का?

आहे. घाबरायचं म्हणत नाही, पण ताबडतोब तपासायचं कारण आहे, आणि ते याच रिपोर्टात छापलेलं आहे. मी अण्णांना तपासलेलं नाही, छातीला स्टेथोस्कोप लावलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं ‘बहुधा’ या शब्दासकट वाचा. पण छातीच्या आजारांच्या ओपीडीत सोलापुरात बसणाऱ्या कुणालाही हे आकडे ओळखीचे वाटतील. पूर्व भागातला, साठीचा, बारीक अंगाचा, ओठ आवळून श्वास सोडणारा माणूस समोर बसतो, हातातली फाईल पुढे करतो आणि म्हणतो, “डॉक्टर, रगात तर भरपूर हाय की, मग दम का लागतो?” दम लागतो म्हणूनच ते भरपूर आहे, हे त्याला सांगावं लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सीओपीडी, म्हणजे विडी-सिगारेट, चूल, धूळ यांनी श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आणि फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटत जाण्याचा आजार, रक्ताच्या तपासणीने ठरत नाही. तो ठरतो फुंकायच्या मशीनवर, म्हणजे स्पायरोमेट्रीवर. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावायचं आणि बघायचं, पूर्ण श्वासातली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर येते. ते प्रमाण 0.70 च्या खाली राहिलं आणि लक्षणं व इतिहास जुळला, तर सीओपीडी. कितीही महाग पॅकेज घ्या, त्यात या प्रश्नाचं उत्तर नसतं. रक्त सांगतं ते वेगळंच: फुफ्फुस कमी पडायला लागल्यावर बाकीच्या शरीराने काय काय तडजोडी केल्या. आणि विडी त्या तडजोडींमध्येही हात घालते, काही आकडे खोटे करून ठेवते. अण्णांच्या रिपोर्टात दोन्ही दिसतंय.

हिमोग्लोबिनपासून सुरू करतो, कारण सगळ्यांचा गैरसमज तिथेच आहे.

पुरुषाचं हिमोग्लोबिन साधारण 13 ते 17 मध्ये असतं. 18.4 म्हणजे शरीर गरजेपेक्षा जास्त तांबड्या पेशी बनवतंय. कशासाठी? मूत्रपिंडात रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या पेशी असतात. ऑक्सिजन कमी वाटला की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि हाडांतल्या मगजाला माल वाढवायचा हुकूम जातो. पेशींना ऑक्सिजन कमी झालाय हे नेमकं कसं कळतं, याचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना, 2019 चं नोबेल मिळालं. सीओपीडीत रात्री झोपेत ऑक्सिजन आणखी खाली जातो, त्यामुळे दिवसा माणूस बरा दिसला तरी मूत्रपिंड रात्रभर तोच निरोप धाडत असतं.

विडी इथे दुसऱ्या बाजूने येते. जळत्या तंबाखूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवणारे तुम्ही पाहिलेत ना, तसंच. सीट भरलेली दिसते, पण ज्याला खरंच प्रवास करायचाय तो ऑक्सिजन खालीच उभा. शिवाय उरलेल्या जागांवर जो ऑक्सिजन बसतो, तोही स्नायूंपाशी पोचल्यावर सहज उतरत नाही. मोनॉक्साइडमुळे हिमोग्लोबिन त्याला जास्त घट्ट धरून ठेवतं. न ओढणाऱ्याच्या रक्तात असं अडलेलं हिमोग्लोबिन एक-दोन टक्क्यांच्या आत असतं. रोज ओढणाऱ्यात तीनपासून आठ-दहा टक्क्यांपर्यंत सहज, भरपूर ओढणाऱ्यात त्याहून वर.

आणि विडीला ‘सिगारेटपेक्षा देशी, साधी’ समजू नका. तेंदूच्या पानातून हवा नीट आत जात नाही, विडी मध्येच विझते, म्हणून ती पेटती ठेवायला वरचेवर आणि खोल झुरके मारावे लागतात. तंबाखू कमी असूनही निकोटीन, टार आणि मोनॉक्साइड सिगारेटच्या तोडीस तोड, बऱ्याचदा जास्तच मिळतं. ज्या शहरात घराघरांत सुपात तंबाखू घेऊन विड्या वळल्या जातात तिथे हे सांगणं जरा अवघड जातं, मला माहीत आहे. पोट त्यावर आहे. पण वळणं आणि ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणजे अण्णांचं हिमोग्लोबिन दोन कारणांनी वाढलेलं असू शकतं: फुफ्फुसामुळे ऑक्सिजन कमी, आणि विडीमुळे हिमोग्लोबिनच्या जागा अडलेल्या. बहुतेक वेळा दोन्ही. तिसरी शक्यता मगजाच्याच आजाराची, जिथे मगज कुणाच्या हुकुमाशिवाय तांबड्या पेशी बनवत सुटतो. ती शंका कधी घ्यायची? पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही ठळकपणे वाढलेल्या असतील, प्लीहा मोठी लागत असेल, अंघोळीनंतर अंगाला खाज सुटत असेल, किंवा ऑक्सिजन खरोखर उत्तम असूनही हिमोग्लोबिन चढं असेल तर. मग जॅक-2 ची जनुकीय तपासणी आणि रक्तविकार तज्ज्ञ. एवढं मात्र लक्षात ठेवा, विडी ओढणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या असतातच. दहा-अकरा हजार दिसले म्हणून लगेच घाबरून जाऊ नका.

शेजाऱ्यांचा रक्तदानाचा सल्ला सोडून द्या. फुफ्फुसाचा जुनाट आजार असलेल्याचं रक्त रक्तपेढी घेणार नाही. आजार म्हणून रक्त काढावं लागतं ते क्वचित. रक्त दाट होऊन डोकं जड होणं, दिसायला अंधुक, गुठळीची भीती, अशा वेळी, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याआधी विडी बंद आणि गरज असेल तर ऑक्सिजन, हे दोन उपाय होतात. विडी सुटली की पुढच्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन आपोआप खाली यायला लागतं. ते 18.4 वरून 16.5 वर आलं की लोक घाबरून मला विचारतात, रक्त कमी झालं का? झालं, आणि व्हायलाच हवं होतं.

आता ऑक्सिमीटरचं 93. बोटाला लावायचं ते चिमटं दोन रंगांचा प्रकाश बोटातून आरपार सोडतं आणि रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतं. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच असतं, त्यामुळे साधं ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजून मोजतं. अण्णांच्या रक्तात सहा-सात टक्के मोनॉक्साइड असेल, तर ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन प्रत्यक्षात 86-87 च्या आसपासच असू शकतं. गडद त्वचेवर हे यंत्र थोडं जास्त दाखवतं, हेही आता नीट सिद्ध झालंय. त्यामुळे विडी ओढणाऱ्याच्या बोटावरचं 93 मी कधीच ‘ठीक’ म्हणून सोडत नाही. मोनॉक्साइड शरीरातून निम्मा व्हायला साधारण चार-पाच तास लागतात. म्हणून रात्रीपासून विडी न ओढता सकाळी मोजलेला आकडा जास्त खरा. करून बघा: रात्री झोपताना शेवटची, सकाळी काहीही न ओढता, पाच मिनिटं शांत बसवून, हात गरम करून मोजा. मग सहा मिनिटं अंगणात चालवून पुन्हा मोजा. चालल्यावर आकडा चार-पाचने पडत असेल तर तो कागदावर लिहून आणा, डॉक्टरांना तो पॅकेजच्या सगळ्या पानांपेक्षा उपयोगाचा.

मला मात्र या रिपोर्टात सगळ्यात जास्त खटकला तो बायकार्बोनेटचा 32. बहुतेक लोक तिकडे बघतही नाहीत, कारण तो सोडियम-पोटॅशियमच्या ओळीत खाली लपलेला असतो आणि त्याच्यापुढे एक छोटा ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) छापलेला असतो.

फुफ्फुसाचं काम दोन बाजूंचं असतं. ऑक्सिजन आत घ्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. नळ्या अरुंद झाल्या की हवा आत अडकते, छाती पिंपासारखी फुगते, आणि काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड पूर्ण बाहेर पडेनासा होतो. तो पाण्यात विरघळला की आम्ल बनतं. रक्ताची आम्लता शरीराला फार चढउतार झालेली चालत नाही, पीएच 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्टीत राहावा लागतो. मग मूत्रपिंड पुढे येतं. ते लघवीतून आम्ल जास्त टाकतं आणि बायकार्बोनेट साठवून ठेवतं, म्हणजे आम्लाला तोल मिळतो. बदल्यात क्लोराइड बाहेर सोडतं. म्हणून अण्णांचं बायकार्बोनेट वर आणि क्लोराइड खाली, ही जोडी एकत्र दिसते. हे काम एका दिवसात होत नाही, तीन-पाच दिवस लागतात. त्यामुळे चढलेलं बायकार्बोनेट म्हणजे ‘हे बऱ्याच दिवसांपासून चाललंय’ अशी नोंद.

त्याचा ढोबळ हिशेब असा: कार्बन डायऑक्साइडचा दाब सामान्य 40 च्या वर दर 10 ने बराच काळ राहिला, तर बायकार्बोनेट साधारण साडेतीन-चारने वाढतं. सामान्य बायकार्बोनेट 24 च्या आसपास. शिरेतल्या रक्तात ते धमनीपेक्षा एक-दोनने जास्तच येतं, तेवढं वजा करू. तरीही अण्णांचा कार्बन डायऑक्साइड 55 ते 60 च्या घरात असावा असा अंदाज निघतो. सामान्य 35 ते 45.

हा अंदाजच आहे, निदान नव्हे. बायकार्बोनेट वाढायची दुसरी कारणंही असतात: पायाची सूज उतरवायला दिलेली लघवीची गोळी, खूप उलट्या, पोटॅशियम कमी होणं. अण्णांना बीपीसाठी किंवा सुजेसाठी अशी गोळी चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर माझ्या हिशेबाचं वजन कमी होतं. पण गोळी नसेल, आणि त्यात सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, दिवसा डुलक्या येणं, हाताला बारीक थरथर यांपैकी काही असेल, तर हे प्रकरण पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

हे पक्कं करायला मनगटातल्या धमनीतून रक्त काढून तपासतात, म्हणजे एबीजी. साध्या सुईपेक्षा दुखतं, नंतर पाच मिनिटं घट्ट दाबून धरावं लागतं. या तपासणीत नमुना कसा हाताळला यावर सगळं अवलंबून असतं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे बिघडतात. नमुना उशिरा मशीनवर गेला तर रक्तातल्या जिवंत पेशीच त्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढवतात; सोलापूरच्या 42-43 अंशांच्या उन्हाळ्यात तर आणखी भराभर. म्हणून ही तपासणी जिथे मशीन त्याच इमारतीत आहे तिथे करा, सिव्हिलसारख्या मोठ्या ठिकाणी किंवा आयसीयू असलेल्या रुग्णालयात. घरून नमुना नेणाऱ्याकडून नको. विचारून घ्या की मशीन कार्बन मोनॉक्साइडही मोजतं का, म्हणजे को-ऑक्सिमीटर आहे का. नसेल तरी चालेल, मात्र त्या दिवशी सकाळी विडी नको.

एवढा जोर मी एबीजीवर का देतोय, त्याला एक जीवावरचं कारण आहे. उद्या अण्णांना रात्री धाप लागली, तुम्ही घाबरून रिक्षात घालून कुठल्या तरी दवाखान्यात नेलं, आणि तिथे कुणी ऑक्सिजनची नळी पूर्ण सोडून दिली, तर ज्यांचा कार्बन डायऑक्साइड आधीच चढलेला आहे त्यांना तो आणखी चढून गुंगी येऊ शकते. बोटावर 99 दिसतं, घरच्यांना बरं वाटतं, आणि माणूस झोपत जातो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये अशा रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला मोजून-मापून 88 ते 92 च्या दरम्यान ठेवेल इतकाच. मोजून दिलेल्यांत मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहूनही कमी निघालं. म्हणून एबीजी झाल्यावर कार्बन डायऑक्साइड चढलेला निघालाच, तर एका कागदावर ठळक लिहून अण्णांच्या पाकिटात ठेवा: ‘सीओपीडी, ऑक्सिजन 88 ते 92 पुरे’. माझ्या अशा रुग्णांना मी हे लिहूनच देतो. याचा अर्थ धाप लागल्यावर ऑक्सिजन देऊच नये असा मात्र कुणी काढू नका. 80 दिसत असेल तर ऑक्सिजन लागतोच. मोजून लागतो, इतकंच.

घरी ऑक्सिजनचं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, घ्यावं का असंही तुम्ही विचारलंय. कोविडनंतर ते बऱ्याच घरांत धूळ खात पडलंय, कुणी तरी फुकट द्यायलाही तयार असेल. थांबा. आजार स्थिर असताना धमनीतला ऑक्सिजनचा दाब 55 किंवा कमी असेल, अथवा संपृक्तता (ऑक्सिमीटर दाखवतं तो टक्का) 88 किंवा कमी, तर दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढतं; 1980 आणि 1981 मधल्या अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांनी ते दाखवलं. दाब 55 ते 60 मध्ये असेल तर हिमॅटोक्रिट 55 च्या वर आहे का, उजव्या हृदयावर ताण आलाय का, हे बघून ठरवतात. अण्णांचा हिमॅटोक्रिट 56 इथेच उपयोगी पडतो. ते या कुंपणाच्या आत बसतात की बाहेर, हे एबीजीशिवाय कळणार नाही. आणि विडी चालू असताना घरात ऑक्सिजन लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. नळी नाकाला आणि ओठात विडी, अशी चेहरा भाजलेली माणसं छातीच्या डॉक्टरांना बघावी लागतात.

आता औषधांतली एक गोष्ट, जी विडी सोडताना हमखास राहून जाते. तुम्ही लिहिलंय की अण्णा बरीच वर्षं मेडिकलमधून डेरिफायलिनची गोळी घेतात. त्यात थिओफायलिन असतं. धुरातल्या टारमधल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि थिओफायलिन भराभर संपवतं. ओढणाऱ्याला म्हणून हे औषध जास्त लागतं. विडी अचानक थांबली की काही दिवसांत ते एन्झाइम थंडावतं, आणि तोच डोस जास्त होतो: मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं, हात थरथरणं, फार झालं तर फिट. घरचे म्हणतात, “विडी सोडल्यापासून तब्येत बिघडली, थोडी ओढू दे त्यांना.” दोष गोळीच्या डोसाचा असतो, नाव विडी सोडण्याचं होतं. विडी सोडताना डोस साधारण पाव ते तृतीयांश कमी करावा लागतो. किती, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यात ताप-खोकल्यासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक पडलं तर थिओफायलिन आणखी चढतं. रक्तात त्याची पातळी मोजता येते. खरं सांगायचं तर मी आता ही गोळी फारशी लिहीत नाही. ओढायचा पंप नीट शिकवला तर बहुतेकांना तिची गरज पडत नाही. गोळी स्वस्त, पंप महाग आणि ‘पंपाची सवय लागते’ ही भीती, म्हणून ती चालू राहते. पंपाची सवय लागत नाही. विडीची लागते.

पंपावरून रक्तातला आणखी एक आकडा आठवला, इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. टक्केवारी नको, प्रत्यक्ष संख्या बघा. 300 च्या वर असेल आणि वारंवार दम उसळत असेल, तर पंपात स्टेरॉइड घालायचा फायदा होण्याची शक्यता जास्त. 100 च्या खाली असेल तर स्टेरॉइडचा उपयोग कमी आणि न्यूमोनियाचा धोका उगाच. आपल्याकडे पोटात जंत असले तरी हा आकडा चढतो, त्यामुळे एका रिपोर्टावर कुणी निर्णय घेऊ नये.

काही जण अल्फा-1 अँटिट्रिप्सिनची तपासणी करायला सांगतील. 1963 मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांचे पट्टे तपासताना काही जणांत एक पट्टा जवळपास नाहीसा असल्याचं पाहिलं. त्यातल्या बहुतेकांची फुफ्फुसं तरुणपणीच खराब झालेली होती. हे प्रथिन पांढऱ्या पेशींमधल्या पाचक रसापासून फुफ्फुसाच्या जाळ्याला वाचवतं. जन्मतः ते कमी असणं भारतात विरळ. पण ज्याच्यात ते पुरेसं आहे त्याच्याही फुफ्फुसात विडीचा धूर त्याला निकामी करतो, आणि तोच धूर पांढऱ्या पेशींना तिथे बोलावूनही आणतो. अण्णांसाठी ही तपासणी आयुष्यात एकदा केली तर बिघडत नाही, घाईची मात्र नाही. चाळिशीच्या आत कुणाला असा आजार असता तर मी ती पहिल्याच दिवशी सांगितली असती.

चार-पाच विड्यांबद्दल. दीड बंडलावरून इथवर येणं सोपं नव्हतं, त्याबद्दल अण्णांना घरात कुणी चांगलं म्हटलं का, ते बघा. पण इथे थांबलं तर फायदा फारसा पदरात पडत नाही. कमी विड्या ओढणारा प्रत्येक विडी जास्त खोल आणि शेवटच्या टोकापर्यंत ओढतो, निकोटीनची भूक तशीच भागवतो. फ्लेचर आणि पेटो यांनी 1977 मध्ये लंडनच्या नोकरदार पुरुषांचा आठ वर्षांचा पाठपुरावा मांडला. वयानुसार प्रत्येकाची श्वासाची ताकद थोडी घटतेच, वर्षाला साधारण पंचवीस-तीस मिलिलिटर. ज्यांना धूर बाधतो त्यांची घट याच्या दुप्पट किंवा जास्त. सोडल्यावर गेलेलं परत येत नाही, पण घसरण न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. साठीतही येते. त्यामुळे ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ हा युक्तिवाद टिकत नाही.

सोडायला मदत घ्या. निकोटीनची च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळते, पण ती पानासारखी चघळत बसायची नसते. चार-पाच वेळा चावून गालात दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायची. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 वर फोन मोफत आहे. आणि विडीऐवजी मावा किंवा मिश्री सुरू होत नाही ना, याकडे लक्ष ठेवा; आपल्या गावात हा बदल फार गुपचूप होतो.

कारखान्यातलं सूत आणि तूस याचाही थोडा वाटा असेल. कातणी-पिंजणीच्या खात्यांइतका मागावर तो त्रास दिसत नाही, पण बंद शेडमध्ये पंखे बंद ठेवून काम असेल तर तोंडावर फडकं तरी असावं. सुट्टीनंतर कामावर परतल्यावर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का, हे अण्णांना विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

तर क्रम असा ठेवा: या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे, सोबत हाच रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या. आधी छातीचा एक्स-रे, कारण इतक्या वर्षांच्या विडीनंतर गाठ नाही हे बघायलाच हवं, त्यातून वजन उतरलं असेल किंवा बेडक्यात रक्त दिसलं असेल तर जास्तच. मग स्पायरोमेट्री, त्या सकाळी विडी नाही, भरपेट जेवण नाही, आणि लगेच आराम देणारा निळा पंप असेल तर चार-सहा तास आधीपासून बंद, पण दम लागला तर बिनदिक्कत घ्या आणि तसं सांगा. त्याच दिवशी एबीजी. जागेवर बसूनही धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा अण्णा बोलताना अडखळत, गुंगीत वाटत असतील, तर क्रम वगैरे बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी.

शेवटी तुमच्या आईंबद्दल, ज्यांचं तुम्ही एका ओळीत उरकलंय. त्या घरी विड्या वळतात, कधी ओढली नाही, खोकला आहे, हिमोग्लोबिन 10.2, आणि ‘त्यांचा दम अशक्तपणाचा’ असं घरात ठरलंय. असेलही. पण वर्षानुवर्षं तंबाखू चाळताना उडणारी धूळ, आधीच्या काळातली चूल आणि घरात अण्णांचा धूर, हे तिन्ही त्यांनी श्वासात घेतलंय. भारतात सीओपीडी झालेल्या कितीतरी बायकांनी आयुष्यात विडी ओठाला लावलेली नसते. आणि इथे रक्त नेमकं उलट्या बाजूने फसवतं: ऑक्सिजन कमी असल्यामुळे ज्या बाईचं हिमोग्लोबिन खरं तर चढायला हवं होतं, तिचं लोह कमी असल्यामुळे ते चढूच शकत नाही. 10.2 वर लोहाच्या गोळ्या सुरू करा, पण त्यावर थांबू नका. अण्णांच्या बरोबर त्यांनाही त्याच मशीनवर फुंकायला बसवा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर त्याआधी टीबीसाठी बेडका तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ते मोफत होतं. आणि तो रिपोर्ट येईपर्यंत त्यांना फुंकायच्या मशीनवर बसवायचं नसतं.